एकवीस जूनच्या दोन जागा

१४ जानेवारी

आज रेडिओवर सांगितलं. लंडनचं विमान परवडतं की नाही, याचा कंपनी ‘आढावा’ घेणार आहे. कंपनीचं नाव लिहून ही वही विटाळायची नाही, असं मी ठरवलंय. आढावा म्हणजे काय, हे न्यूफाउंडलंड बेटावरच्या माणसाला शिकवायला नको. मेनलँडवाल्यांनी, म्हणजे पलीकडच्या कॅनडाने, आढावा घेतला आणि आमची रेल्वे गेली. आढावा घेतला आणि कॉड मासा पकडायला बंदी आली. आता विमान.

या लोकांना नकाशा कधी दाखवला होता की नाही, कुणास ठाऊक. आमच्या सेंट जॉन्सहून लंडन पाच तास. हे विमान नसलं की काय करायचं? आधी साडेतीन तास उलट्या दिशेने टोरंटोला जायचं, तिथे कडक बाकांवर बसायचं आणि मग आपल्याच घराच्या छपरावरून लंडनला जायचं. खाली वाळत घातलेले आपले कपडे दिसत नाहीत, एवढंच.

माझ्यासाठी हा प्रश्न दुकानाचा आहे. विमानाची तिकिटं विकतेय त्याला बत्तीस वर्षं झाली. पण माझ्या नवऱ्यासाठी, अँब्रोजसाठी, वेगळा आहे. बंदरात वेल्डिंग करून त्याची फुफ्फुसं गेली. हल्ली ऑक्सिजनचं यंत्र घरभर घुरघुरत असतं. डॉक्टर किली स्पष्टच म्हणालेत: हातातलं छोटं यंत्र घेऊन पाच तासांचं एक विमान चालेल. टोरंटो, बदलाबदली, चौदा-पंधरा तास, हे अजिबात नाही.

अँब्रोजने जेवताना विचारलं, “मग यंदा जायचं का, लोरी?”

बघू म्हटलं. आमची मुलगी जेरी लंडनजवळ क्रॉयडनला जाऊन सहा वर्षं झाली, तिकडेच लग्न केलं, तिची फेय जूनमध्ये तीन वर्षांची होईल. विमान इथे उतरतं, दार उघडं आहे, ज्याला यायचं त्याने यावं. जाताना विमानतळावर मला म्हणाली होती, “इथे राहून काय धुकं मोजू?” मी काही विसरले नाही.

२९ जानेवारी

जूनची तिकिटं विक्रीला लागली. दिवसभरात अकरा माणसं लंडनची चौकशी करून गेली. तारीख विचारली, खिडकी कुठल्या बाजूला बरी ते विचारलं, माझी अर्धी बिस्किटं खाल्ली आणि ‘देवाने ठेवलं तर’ म्हणत निघून गेली. तिकीट एकानेही काढलं नाही.

यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडे अमक्या दिवशी जाणार, असं चार महिने आधी कुणी तोंडातून काढत नाही. माझे वडील बंदरात शिडं चढवलेल्या बोटीवर उभे राहूनसुद्धा कुठे निघालात म्हटलं की “बघू, जरा बाहेर जाऊन येतो” म्हणायचे. जातो म्हटलं की वारा फिरतो. मी स्वतः गिऱ्हाइकांना हेच सांगत आले आहे, घाई करू नका, आठवडाभर आधी या. आणि येतात. मागच्या जूनमध्ये एकही जागा रिकामी गेली नव्हती.

अँब्रोजने संध्याकाळी माझं क्रेडिट कार्ड मागितलं. पाठीमागचे तीन आकडे कशासाठी असतात, असंही विचारत होता. कशाला हवंय म्हटलं, तर ऑक्सिजनच्या नळ्या कॉम्प्युटरवरून मागवतोय म्हणाला. या माणसाला टोस्टर नीट लावता येत नाही. दोन तास त्या कॉम्प्युटरसमोर बसला होता.

६ फेब्रुवारी

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. आमच्या विमान बचाव समितीचा अध्यक्ष साय पेनी. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि तो माइकशिवायही तीन गल्ल्या ऐकू जातो. कंपनीने टोरंटोहून ट्रेव्हर क्लासेन नावाचा मनुष्य पाठवला होता. वय तिशीचं, बूट असे की आमच्या बर्फात एक दिवस टिकणार नाहीत. मला तो पाहताक्षणी आवडला नाही आणि तोंड उघडल्यावर तर मुळीच नाही.

म्हणाला, विमान कुठे उडवायचं हे फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं. वैमानिक तेव्हाच नेमायचे असतात. साय म्हणाला, मागच्या जूनमध्ये विमान गच्च भरलं होतं. क्लासेन म्हणाला, “खरं आहे. पण ते शेवटच्या दहा दिवसांत भरलं. मी जेव्हा निर्णय घेतो, तेव्हा मला रिकामं विमान दिसतं. एकवीस जूनचंच घ्या. आजपर्यंत दोन जागा गेल्यात. एकशे चौसष्टांपैकी दोन.”

हॉलमध्ये हशा पिकला. मी उभी राहिले. म्हटलं, “त्या दोन शहाण्यांची नावं कळू द्या, समितीतर्फे त्यांना पदक देऊ. बाकीच्या गावाला समुद्र माहीत आहे.” टाळ्या एवढ्या पडल्या की क्लासेनला खाली बसावं लागलं.

अँब्रोजला मात्र खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला. हीटर फार तापवला होता. अर्धा तास आला नाही, शेवटी मीच त्याचा कोट घेऊन गेले.

७ फेब्रुवारी

क्लासेन दुकानात आला. सरळ, एकटा, बुटांना बर्फावर टाकतात ते मीठ लागलेलं. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

म्हणाला, एकतीस मार्चपर्यंत जूनच्या एक तृतीयांश जागा गेलेल्या दिसल्या, तर तो वरिष्ठांशी भांडू शकेल. “टोबिनबाई, हे गाव तुमचं ऐकतं. तुम्ही लोकांना तिकिटं काढायला लावा.”

मी म्हटलं, आम्ही भीक मागत नाही, आणि आमच्या शब्दावर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी आम्ही चालीरीती बदलणार नाही.

“तुम्ही स्वतः काढलंत का?”

मी म्हटलं, तुमचा काय संबंध. तो म्हणाला, मुलगी लंडनजवळ असते असं कळलं. कुणाकडून कळलं, तर म्हणे, “तुमच्या यजमानांकडून. काल हॉलबाहेर भेटले. चांगले गृहस्थ आहेत. माझ्याशी खूप बोलले.”

काय बोलले विचारलं, तर ते त्यांनाच विचारा म्हणाला आणि गेला. फरशीवर मिठाचं पाणी सांडून गेला.

शत्रूशी बाहेर थंडीत उभं राहून गप्पा. तळपायाची आग मस्तकात गेली. मी अँब्रोजला काही विचारलं नाही. जेवायला टाउटन, म्हणजे पावाच्या पिठाच्या तळलेल्या पोळ्या, केल्या होत्या, वर घालायच्या काकवीची बाटली त्याला स्वतः उठून घ्यायला लावली.

३ मार्च

तिकिटं आठ. एवढ्या मोठ्या गावात आठ.

साय पेनी अध्यक्ष आहे, रोज रेडिओवर गरजतो, पण अजून त्याने तिकीट काढलेलं नाही. त्याला बायकोला घेऊन तिच्या बहिणीकडे जायचंय, गेली दोन वर्षं तेच ऐकते आहे. मी म्हटलं, साय, तू तरी काढ. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला त्याची कबर खणायला सांगत होते. “देवाने ठेवलं तर जूनमध्ये येतोच की, बाई. आणि तू? तू काढलंस?”

तो प्रश्न सगळ्यांना फार आवडायला लागलाय.

अँब्रोजचं काहीतरी चाललंय. केस कापून आला, एप्रिलआधी कधी कापत नाही. पासपोर्टचे फोटो काढलेत, जुना संपत आला होता म्हणाला. डॉक्टर किलींकडे मला न सांगता गेला, कसलंसं पत्र आणलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. रोज सकाळी यंत्र गळ्यात अडकवून चढावर कोपऱ्यापर्यंत जातो, थांबतो, परत येतो. मी खिडकीतून बघते. त्याला काहीतरी मोठं दुखणं निघालेलं असणार आणि मेनलँडच्या कुठल्यातरी इस्पितळात जायचं ठरवत असणार. सगळं जग त्या मेनलँडला जातं, हाही जाईल. मला सांगायची हिंमत नाही.

विचारणार नाही. त्याने सांगावं.

२ एप्रिल

बंद.

क्लासेनने स्वतः फोन केला. मी म्हटलं, अभिनंदन. तो म्हणाला, मला वाईट वाटतं. मी म्हटलं, टोरंटोत बसून वाईट वाटायला काय जातं. मेच्या शेवटापासून चार आठवडे विमान उडेल. इथून शेवटचं एकवीस जूनला. ते लंडनला पोचलं की तिथून परस्पर टोरंटोला जाईल, इकडे परत येणारच नाही.

म्हणाला, “मी भांडलो, टोबिनबाई. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.”

फोन ठेवला. अँब्रोज दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं असावं. तो येऊन खुर्चीत बसला. मला वाटलं, माझ्या दुकानाची काळजी करतोय. म्हटलं, एवढ्याने मी मरत नाही.

९ एप्रिल

आता सगळ्या गावाला लंडनला जायचंय.

तीन दिवस फोन खाली ठेवता आला नाही. ज्यांनी माझी बिस्किटं खाल्ली ते सगळे, त्यांचे मेहुणे, त्यांचे शेजारी. देवाचं नावसुद्धा कुणी घेत नाही, आता तारीख सांगतात, पासपोर्टचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवतात. काल दुपारपर्यंत चारही आठवडे भरले. एकवीस जूनला बत्तीस माणसं प्रतीक्षा यादीवर आहेत. साय पेनी यादीत एकोणतिसावा. काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, “बघितलंस? विमान भरतं की नाही?” मी म्हटलं, आपट, आणखी आपट, क्लासेनला ऐकू जाईल.

आम्ही बरोबर होतो, हे आता सिद्ध झालं. कंपनीला ते बघायचं नव्हतं, एवढंच.

१२ एप्रिल, रविवार

जेवणं झाली होती. खारवलेलं मांस आणि कोबी अजून टेबलावरच होतं. अँब्रोजने कोटातून दोन कागद काढले आणि ताटाशेजारी ठेवले.

“एकवीस जून,” म्हणाला. “बारा ए आणि बारा बी. तू खिडकीत.”

मला कळायला वेळ लागला. तो म्हणाला, “त्या हॉलमध्ये तू ज्यांना पदक देणार होतीस ना, ते आपणच.”

मी पहिला प्रश्न काय विचारला तर, माझ्या दुकानातून का नाही काढलंस. माझ्या नवऱ्याने कंपनीकडून थेट तिकीट घ्यावं, तेही माझ्या कार्डावर.

“तुझ्याकडे आलो असतो तर तू थांब म्हणाली असतीस.”

“मग हॉलमध्ये का नाही बोललास? सगळ्यांसमोर मला—”

“तुला टाळ्या पडत होत्या, लोरी. मी बाहेर जाऊन त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, तुमच्यासारखी पन्नास माणसं मिळाली तरी मी हे विमान वाचवतो.”

मी कागद उचलून पाहिले. जायचं एकवीस जून, यायचं पाच जुलै. पाच जुलैवर आडवी रेघ मारलेली. परतीचं विमान रद्द. त्याऐवजी कंपनीने टोरंटोमार्गे दिलंय.

म्हटलं, म्हणजे तू जाऊ शकतोस आणि येऊ शकत नाहीस.

“हो.”

“मग जायचा प्रश्नच नाही.”

त्याने यंत्राची नळी नाकाशी सारखी केली. “फेयला तीन वर्षं पूर्ण होतायत. मी तिला फक्त फोनच्या काचेत बघितलंय. मी जाणार आहे. तुझी जागा तुझ्या नावावर आहे, तू काय करायचं ते कर.”

तेहतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असं बोललेला नाही. मी भांडी घासली. एक ताट फुटलं.

१९ मे

आम्ही बोलत नाही. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढं बोलतो.

आज जेरीचा फोन. मी तिला म्हटलं, तुझ्या बापाला तू तिकडे नेऊन ठेवते आहेस, तो तिथून परत येणार नाही, हे तुला कळतंय का. ती म्हणाली, “मी नाही बोलावलं, आई. मी इतकी वर्षं तुम्हाला बोलावत होते, तेव्हा तू सांगायचीस, बघू. बाबांनी या खेपेला तुला विचारलं नाही, एवढंच झालं.” फार बोलायला शिकलीय तिकडे. मी फोन अँब्रोजकडे दिला.

डॉक्टर किलींकडे गेले. टोरंटोचं काही करता येईल का, वाटेत हॅलिफॅक्सला एक रात्र थांबून, बोटीने, कसंही. ते म्हणाले, आता पाच तासही जास्तच आहेत, पण त्याला ते माहीत आहे आणि तरी त्याला जायचंय. हा डॉक्टरही त्यांच्यातलाच.

१४ जून

केपलिन मासे किनाऱ्यावर आलेत. गावातली पोरंसोरं बादल्या घेऊन पळतायत आणि आठवडाभर धुकं हलायला तयार नाही. अँब्रोजला गाडीतून किनाऱ्यावर घेऊन गेले. त्याने खाली उतरायचा हट्ट धरला, यंत्र छातीशी धरून खडकावर बसला आणि बूट भिजेपर्यंत उठला नाही. निघताना म्हणाला, “वास बघ कसा सुटलाय.” केपलिन कुजायला लागले की घाणच सुटते, वास कसला. मी तसं म्हटलं. तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

साय पेनी दुकानात येऊन बसतो. त्याला माहीत आहे, माझ्या नावावर एक जागा आहे. “तू काही जाणार नाहीस, लोरेटा. यादीत माझ्या पुढे अठ्ठावीस माणसं आहेत, पण ती जागा मला दे, मी तुझ्यासाठी इतकं केलंय.” काय केलंय, ते मात्र सांगता आलं नाही.

त्याला म्हटलं, बघू.

२१ जून

विमानात लिहिते आहे. नीट लिहिता येत नाही, बारा बी माझ्या खांद्यावर झोपलाय.

समितीने विमानतळावर निदर्शनं ठेवली होती. फलक मीच रंगवले होते. चाळीस-पन्नास माणसं, दमट हवा, सायचं भाषण. क्लासेनही आला होता, शेवटच्या विमानासाठी कुणीतरी यायचं असतं म्हणून. या खेपेला त्याने बूट बरे घातले होते. मी फलक घेऊन उभी होते. अँब्रोज रांगेत, एका हातात पिशवी, एका हातात यंत्र, माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. रांग पुढे सरकत होती. पिशवी खाली ठेवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची, असं त्याचं चाललं होतं. चारदा बघितलं. पाचव्यांदा मी फलक सायच्या हातात कोंबला आणि जाऊन पिशवी उचलली.

माझा पासपोर्ट पर्समध्ये होता. का होता, ते विचारू नये. साय मागून ओरडला, “अगं, मग माझी जागा?” माझ्याकडे कपड्यांची बॅगसुद्धा नाही. अंगावर समितीचा टीशर्ट आहे, त्यावर लिहिलंय: विमान आमचं, आम्हालाच द्या.

एकही जागा रिकामी नाही. क्लासेनने दारात तिकिटं पाहिली, अँब्रोजचा हात हातात घेतला. मी त्याच्याशी बोलले नाही. धुक्यातून वर आलो तेव्हा सगळ्या विमानाने टाळ्या वाजवल्या. अँब्रोजने नाही, त्याला दम लागला होता. मी त्याची नळी सारखी केली.

८ जुलै, क्रॉयडन

इथे असह्य उकडतं. खिडक्या वरच्या बाजूला उघडतात, म्हणजे डासांना सोयीचं. जावई चहात दूध आधी घालतो. जेरीने माझ्यासाठी कपडे आणलेत, सगळे एक माप मोठे. माझ्याबद्दल तिची कल्पना काय आहे, ते कळलं.

फेय त्याच्या यंत्रावर हात ठेवून बसते. त्याला घुरघुरणारं मांजर म्हणते. अँब्रोज तिला गाठी मारायला शिकवतो. दोघं तासन् तास एका सुतळीशी खेळत असतात आणि मला कुणी विचारत नाही. मी दोन आठवड्यांनी निघणार होते. पाच जुलै होऊन तीन दिवस झाले.

२३ ऑक्टोबर

अँब्रोज आज सकाळी गेला. फेयच्या खोलीत, खुर्चीत. यंत्र चालूच होतं.

११ नोव्हेंबर

सायला फोन करून सांगितलं होतं, मी अकरा तारखेला येते, संध्याकाळच्या टोरंटोच्या विमानाने, घ्यायला ये. तो हळूच म्हणाला, “देवाने ठेवलं तर म्हण गं.” मी नाही म्हटलं. अकराला, असंच पुन्हा सांगितलं. तिकीट दोन आठवडे आधीच काढलंय.

लंडन ते टोरंटो. विमान त्याच कंपनीचं, दुसरं सोयीचं मिळालं नाही. तपासणीच्या वेळी त्या पोरीला डब्यात अँब्रोजची रक्षा आहे ते सांगावं लागलं. ती सॉरी म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या कंपनीला सांगा. जेरी मला मिठी मारून रडली, आणि मी पण. उन्हाळ्यात फेयला घेऊन येते म्हणाली. मी तारीख विचारली.

मी खिडकीत बसलेय. डबा मांडीवर आहे, वर ठेवा म्हणाले होते, मी ठेवला नाही. वाऱ्यामुळे आज दक्षिणेच्या मार्गाने चाललोय असं वैमानिक मघाशी म्हणाला. समोरच्या पडद्यावर चिमुकलं विमान सरकत सरकत आमच्या किनाऱ्यावर आलं आणि गावाचं नाव उमटलं. मी खाली बघितलं. धुकं. सगळं पांढरं, एक छप्पर दिसेल तर शपथ.

डबा उचलून काचेला टेकवला. “अँब, घर आलं,” म्हटलं.

शेजारच्या माणसाने कानातले हेडफोन काढून विचारलं, तुम्ही इथल्याच का? हो म्हटलं. मग इथे उतरायचं नाही? म्हणाला. तो टोरंटोचा होता, त्याला काय सांगणार. मी डबा परत मांडीवर घेतला. विमान पुढे निघून गेलं. टोरंटोला अजून साडेतीन तास आहेत, आणि तिथून पुन्हा इथेच यायचंय.